हिरड्यांतून रक्त येतंय? पायरियाच्या तपासणीपासून देखभालीपर्यंतचा क्रम

चूळ थुंकल्यावर बेसिनमध्ये लालसर पाणी दिसलं, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर त्या बाजूला ब्रश लावणंच सोडतात, नाहीतर मेडिकलमधून हिरड्यांना चोळायचं काहीतरी आणतात. दोन्हींनी आजार वाढतो. रक्त येतं तिथेच ब्रश जास्त नीट फिरायला हवा, आणि चोळायच्या औषधाने हिरडीखाली साचलेलं किटण निघत नाही.

हा आजार सहसा दुखत नाही, हीच त्याची खरी अडचण. किडलेली दाढ ठणकते, झोप मोडते, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. पायरिया मात्र वर्षानुवर्षं मुकाट्याने दाताभोवतीचं हाड खातो आणि लक्षात येतो तेव्हा दात हलायला लागलेला असतो. वेळेत पकडला तर तो थांबवता येतो. उपचारही फार अवघड नाहीत. लोक गोंधळतात ते कशानंतर काय करायचं आणि कुठे थांबायचं नाही, यात.

१. पायरिया म्हणजे नक्की काय, ते आधी समजून घ्या

आपल्याकडे सगळ्यालाच पायरिया म्हणतात. डॉक्टर मात्र दोन टप्पे वेगळे मानतात, आणि तुम्ही कुठल्या टप्प्यात आहात यावर पुढचं सगळं ठरतं.

पहिला टप्पा जिंजिव्हायटिस, म्हणजे नुसती हिरडीची सूज. दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट, पांढरट थर रोज बसतो. नखाने दात खरवडल्यावर नखात येतो तोच. त्याला प्लाक म्हणतात. तो हिरडीच्या कडेला राहिला की हिरडी लाल होते, फुगते, जरा धक्का लागला की रक्त येतं. हाड शाबूत असतं. डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात सूज उतरली. म्हणजे हा टप्पा पूर्ण बरा होतो, तोही प्रामुख्याने थर काढल्याने.

दुसरा टप्पा पेरिओडॉन्टायटिस. इथे सूज खाली उतरते आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटायला लागतात. हिरडी दातापासून सुटते आणि मधे खिसा तयार होतो. दवाखान्यात त्याला पॉकेटच म्हणतात. खिशात ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे आतले जिवाणू वाढत राहतात, आणि त्यांच्याशी लढताना शरीराची स्वतःची सूजच हाड विरघळवते. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. या टप्प्यावर उपचार घ्यायचे ते उरलेलं हाड वाचवण्यासाठी, हे मनाशी पक्कं असू द्या. नाहीतर पुढे 'इतकं करून दात पहिल्यासारखे दिसत नाहीत' अशी निराशा होते.

राहिलं किटण. प्लाक दातावर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि एक-दोन दिवसांतच तो कडक व्हायला लागतो. खालच्या पटाशीच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू इथे किटण सर्वांत जास्त साचतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. किटण एकदा धरलं की कुठल्याही ब्रशने, पेस्टने किंवा दंतमंजनाने निघत नाही. ते अवजारानेच काढावं लागतं.

२. आरशासमोर पाच मिनिटं द्या

उजेडात उभे राहा, ओठ वर-खाली ओढा आणि हे पाहा:

• हिरडीची कड. दोन दातांमधला हिरडीचा कोन टोकदार आणि घट्ट असायला हवा. तो गोलसर, फुगीर, तकतकीत दिसला तर सूज आहे.
• रंग. इथे अनेक जण उगाच घाबरतात. आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या हिरड्यांवर तपकिरी-काळसर छटा जन्मजात असते; तो आजार नाही. दाताला लागून असलेली कड लालभडक किंवा जांभळट आहे का, तेवढं पाहा.
• दात लांब दिसतायत का, मुळं उघडी पडलीत का, पूर्वी नव्हत्या अशा फटी पडल्यात का.
• पुढचे वरचे दात पंख्यासारखे बाहेर सरकलेत का. चाळिशीनंतर अचानक फट पडली तर ती बहुधा हाड गेल्याची खूण असते.
• हिरडीवर बोटाने हलकेच दाबल्यावर पू येतो का.
• दोन दाढांमधून दोरा, म्हणजे फ्लॉस, फिरवून त्याचा वास घ्या. तो घाण असेल तर तोंडाला वास येत असतो, मग घरातलं कुणी बोलो न बोलो.

तंबाखू ओढणाऱ्यांच्या बाबतीत या पाहणीत एक मोठी गफलत होते. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि रक्त कमी दिसतं. आत हाड झपाट्याने जात असताना बाहेरून हिरडी घट्ट आणि ठीकठाक वाटते. विडी-सिगारेट ओढत असाल तर 'रक्त येत नाही' यावर अजिबात विसंबू नका.

३. या खुणा असतील तर थांबू नका

गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, ताप आहे, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास होतोय: त्याच दिवशी रुग्णालयात जा.

काही न करता हिरड्यांतून रक्त झिरपतंय, अंगावर निळे डाग किंवा बारीक लाल ठिपके उठलेत, किंवा ताप आहे: आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची सीबीसी तपासणी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट उतरल्यावर असं होतं, आणि रक्ताचे काही गंभीर आजारही पहिल्यांदा हिरडीतच दिसतात. अशा वेळी स्केलिंग, म्हणजे अवजाराने किटण काढणं, करून घेणं धोक्याचं आहे.

तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा बाकी तोंड स्वच्छ असताना एकच दात कारणाशिवाय हलू लागणं: हे पायरिया समजून काढू नका. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. कर्करोग नाही ना, हे पाहावं लागतं.

४. कुठे जायचं आणि बरोबर काय न्यायचं

नुसती सूज आणि वरवरचं किटण असेल तर कुठलाही नोंदणीकृत बीडीएस डेंटिस्ट पुरेसा आहे. दात हलतायत, पू येतोय, मुळं उघडी पडलीत असं असेल तर पेरिओडॉन्टिस्ट गाठा, म्हणजे हिरड्यांच्या विषयात एमडीएस केलेले डॉक्टर.

खर्च झेपणार नसेल तर दंत महाविद्यालयाचा रस्ता धरा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. खासगी महाविद्यालयांतही शुल्क बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरंच कमी असतं. तिथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात, त्यामुळे वेळ लागतो आणि फेऱ्या जास्त होतात. सकाळीच पोहोचा, पहिला दिवस केसपेपर, तपासणी आणि एक्स-रे यांतच जाईल असं धरून चाला. पण हिरड्यांची मोजमापं तिथे अनेक दवाखान्यांपेक्षा सविस्तर घेतली जातात, आणि या आजारात त्याचं मोल फार आहे.

बरोबर न्या:

• आधार कार्ड. सवलत हवी असल्यास शिधापत्रिकाही ठेवा आणि काउंटरवर विचारा
• चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, किंवा सरळ गोळ्यांची पाकिटंच
• गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या तपासणीचा, अहवाल; मधुमेह नाही असं वाटत असलं आणि चाळिशी ओलांडली असली तरी एकदा करून घ्या
• दातांचे जुने एक्स-रे, मग ते कितीही जुने असोत. पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे शेजारी ठेवला की हाड किती वेगाने गेलं ते लगेच कळतं

जाताना पोटभर खाऊन, रोजच्या गोळ्या घेऊन जा. 'दाताचं काम आहे' म्हणून उपाशी आलेल्या माणसाला खुर्चीत चक्कर येते.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी या गोष्टी स्वतःहून सांगा. हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग झाला असेल तर हिरडीवरच्या कामाआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्केलिंगचं रक्त दाबून थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील, गर्भारपण असेल, तेही आधीच सांगा. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, फिट्सची फेनिटॉइन आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन या औषधांनी काहींच्या हिरड्या दातांवर चढेपर्यंत वाढतात. तसं असेल तर औषध बदलता येईल का, हे मूळ डॉक्टरांशी बोलून ठरतं.

५. तपासणीत हे झालंच पाहिजे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच बहुतेक वेळा गाळला जातो.

हिरडीच्या आजाराचं निदान नुसत्या डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी प्रोब नावाची बोथट टोकाची बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती हिरडी आणि दात यांच्या मधे अलगद सरकवून खोली मोजतात: प्रत्येक दाताला सहा ठिकाणी, तीन गालाच्या बाजूने, तीन आतून. तोंडात २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. डॉक्टर आकडे बोलतात, मदतनीस लिहून घेतो.

१ ते ३ मिलिमीटर म्हणजे सामान्य. ४ आणि ५ म्हणजे खिसा आहे, पण बहुधा शस्त्रक्रियेविना आटोक्यात येईल. ६ आणि पुढे म्हणजे खोल. प्रोब लावल्यावर रक्त आलं का, तेही नोंदवतात. ४ मिलिमीटरच्या जागेतून रक्त येत नसेल तर ती बहुधा शांत आहे; तेवढ्याच खोलीच्या जागेतून रक्त येत असेल तर आजार चालू आहे.

याखेरीज दात किती हलतो ते पाहतात. आडवा १ मिलिमीटरपर्यंत हलला तर पहिली श्रेणी, त्याहून जास्त तर दुसरी, आणि वर-खालीही दबत असेल तर तिसरी. दाढांची मुळं जिथून फुटतात तो फाटा उघडा पडलाय का, हेही बघतात. एक्स-रेमध्ये पूर्ण जबड्याचा ओपीजी ढोबळ चित्र दाखवतो. शंकेच्या दातांचे छोटे, वेगळे एक्स-रे हाडाची पातळी जास्त अचूक दाखवतात.

शेवटी निदान कागदावर यायला हवं. २०१८ साली जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार पेरिओडॉन्टायटिसला १ ते ४ अशी स्टेज आणि ए, बी, सी अशी ग्रेड देतात. स्टेज म्हणजे नुकसान किती झालंय, ग्रेड म्हणजे ते किती वेगाने होतंय. रोज १० किंवा जास्त सिगारेटी ओढणारा, किंवा एचबीए१सी ७ किंवा वर असलेला मधुमेही थेट सी ग्रेडमध्ये धरला जातो.

प्रोब न लावता, तोंडात एकदा डोकावून 'सगळे दात काढून इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम दात) करू' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि तसंच प्रोब न लावता 'काही नाही, क्लीनिंग करू' म्हणालं, तरी घ्या.

६. किटण काढणं: स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग

स्केलिंग म्हणजे थरथरणाऱ्या अल्ट्रासॉनिक टोकाने, पाण्याच्या फवाऱ्याखाली किटण उडवणं. नुसती सूज असेल तर एका बैठकीत होतं आणि बधिर करावं लागत नाही.

खिसे असतील तर एवढ्याने भागत नाही. हिरडीखाली मुळावर चिकटलेलं काळपट, कठीण किटण क्युरेट नावाच्या हाताच्या अवजाराने खरवडून काढावं लागतं. ते रूट प्लॅनिंग. इंजेक्शनने जागा बधिर करून तोंडाचा एक चतुर्थांश किंवा अर्धा भाग एका वेळी करतात, म्हणजे दोन ते चार बैठका. सगळं तोंड वीस मिनिटांत उरकलं असेल तर ते वरवरचं स्केलिंग झालं, रूट प्लॅनिंग नव्हे. मग बिलावर काहीही लिहिलेलं असो.

सुरू करण्याआधी पाहा की अवजारं बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढली जातायत. ती ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेली असायला हवीत. उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. हे विचारण्यात संकोच करू नका.

यानंतर ज्या तक्रारी येतात त्या आधीच माहीत असल्या तर घाबरायला होत नाही:

'स्केलिंगने दात ढिले झाले.' किटणाचा जाड थर दातांना एकमेकांशी जखडून ठेवत होता. तो गेला की आधीपासून हलणारा दात हलताना जाणवतो. हाड आजाराने खाल्लेलं असतं. सूज उतरली की पुढच्या काही आठवड्यांत बरेच दात थोडे घट्ट होतात.

'फटी पडल्या.' त्या फटी किटणाने भरल्या होत्या, आणि सुजलेली हिरडी आकसली. हे उपचार लागू पडल्याचं लक्षण आहे.

'थंड-गरम झोंबतं.' उघड्या मुळांमुळे काही दिवस ते दोन-तीन आठवडे हे होतं. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. तिचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका.

बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, गरम चहा आणि जेवण टाळा. गाल चावला जातो आणि कळतही नाही. पहिला दिवस मऊ खा: खिचडी, दहीभात. तिखटाने हिरडी चुरचुरते.

७. औषधांची जागा छोटी आहे

क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्के माउथवॉश बहुतेक वेळा देतात. १० मिली, अर्धा ते एक मिनिट खळखळवायचं, दिवसातून दोनदा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने ते निकामी होतं, म्हणून ब्रश केल्यावर किमान अर्ध्या तासाने घ्या. वरून लगेच चहा-कॉफी नको, दातांवर तपकिरी डाग पडतात. दोन आठवड्यांनंतर थांबवा. वर्षभर वापरणारे लोक आहेत; चवही जाते, दातही तपकिरी होतात आणि खिशातलं किटण होतं तिथेच राहतं, कारण चूळ तितक्या खोल उतरत नाही.

प्रतिजैविकाच्या गोळ्या पायरियाचा नेहमीचा उपचार नाहीत. गळू असेल, ताप असेल, किंवा तरुण वयात झपाट्याने वाढणारा आजार असेल तर रूट प्लॅनिंगच्या जोडीने देतात. मेडिकलमधून स्वतः घेऊन पाच दिवस खाल्ल्या तर पू थांबतो, महिन्याने परत येतो, आणि मधल्या काळात माणूस 'बरं झालं' समजून डॉक्टरकडे जात नाही. मेट्रोनिडॅझोल दिली असेल तर ती चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू अजिबात नको.

घरगुती उपायांचं सांगायचं तर कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरायला हरकत नाही, बरं वाटतं. तुरटीने हिरडी आवळली जाऊन रक्त थांबतं, पण त्यामुळे खूण झाकली जाते आणि आजार राहतो. लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावू नका, भाजतं. कोळसा, राखुंडी, विटेची भुकटी यांनी दात आणि उघडी मुळं घासून झिजतात.

८. घरचं काम, म्हणजे निम्मा उपचार

किटण डॉक्टर काढतील, पण प्लाक रोज नव्याने बसतो. जो रुग्ण घरी नीट करतो त्याचे खिसे भरून येतात. जो करत नाही त्याचे तीन महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखे होतात, मग डॉक्टर कितीही निष्णात असो.

ब्रश मऊ केसांचा, डोकं लहान. वापरायची पद्धत अशी: केस दातावर आडवे न ठेवता हिरडीच्या कडेकडे ४५ अंशांत तिरके टेकवा, म्हणजे अर्धे केस दातावर, अर्धे कडेवर. तिथेच, जागा न सोडता, बारीक थरथर दहाएक वेळा द्या, मग ब्रश दाताच्या टोकाकडे वळवून झाडा. दोन दात झाले की पुढचे दोन. आतल्या बाजूंपासून सुरुवात करा, कारण शेवटी कंटाळा येतो आणि आतलीच बाजू राहते. खालच्या पुढच्या दातांच्या आत ब्रश उभा धरा. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. एकदाच जमणार असेल तर रात्रीचा वेळ सोडू नका. महिन्याभरात केस फाकत असतील तर तुम्ही फार दाबताय. नाहीतर तीन महिन्यांनी ब्रश बदला.

पेस्ट कुठलीही असो, पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण १००० ते १५०० पीपीएम आहे का, एवढं वाचा. उघडी पडलेली मुळं लवकर किडतात.

पायरियाची सुरुवात मुख्यतः दोन दातांच्या मधे होते आणि ब्रश तिथे पोहोचतच नाही. म्हणून दुसरं साधन हवंच. फटी असतील तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे तारेवरचा इवलासा ब्रश. तो वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि एका तोंडाला बहुधा दोन-तीन मापं लागतात. दाढांना मोठं, पुढे लहान. माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. केस दोन्ही बाजूंना घासले पाहिजेत, तार दाताला लागता कामा नये, आणि जोर लावून घुसवायचा नाही. नुसता एकदा आत-बाहेर न करता चार-पाच वेळा फिरवा. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस: हातभर दोरा घ्या, दाताला इंग्रजी सी अक्षरासारखा कवटाळून हिरडीच्या कडेखाली हलकेच उतरवा, वर-खाली घासा, मग शेजारच्या दाताला तसंच करा. खटकन हिरडीत आपटू देऊ नका.

पहिले आठ-दहा दिवस यामुळेही रक्त येईल. थांबू नका. नीट साफ होत असेल तर दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. होत नसेल त्या जागी किटण उरलंय, ती जागा लक्षात ठेवून डॉक्टरांना दाखवा.

सेफ्टीपिन, साडीपिन, आगकाडी यांनी दात कोरणं आजपासून बंद. त्यांनी हिरडीला जखमा होतात आणि फटी रुंदावतात.

९. मशेरी, तंबाखू आणि साखर

तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मशेरी महाराष्ट्रात, विशेषतः गावाकडच्या बायकांत, दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा लावायचं व्यसन होऊन बसते. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, म्हणून लावली नाही तर डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. त्या त्रासाला 'मशेरीशिवाय दात दुखतात' असं नाव मिळतं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला ही बंदी कुठून लागू होणार? आईला, आजीला रागावून ती सुटत नाही. वेळा मोजा, एकेक कमी करा, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे. सोडल्यावर काही आठवडे हिरड्यांतून रक्त जास्त येऊ शकतं. आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात म्हणून ते होतं, तेवढ्यासाठी पुन्हा सुरू करू नका.

मधुमेह आणि पायरिया एकमेकांना वाढवतात. रक्तातली साखर जास्त असली की हिरडीची जखम भरत नाही. हिरडीत सूज असली की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांच्या उपचारांनी तीन-चार महिन्यांत एचबीए१सी साधारण ०.३ ते ०.४ ने उतरल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. 'बाळंतपणानंतर बघू' म्हणून टाळू नका; स्केलिंग करता येतं, चौथ्या ते सहाव्या महिन्यात बसायलाही सोयीचं पडतं.

१०. फेरतपासणी चुकवू नका

रूट प्लॅनिंगनंतर ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा सगळे आकडे मोजतात. रक्त थांबलं म्हणून इथेच सर्वाधिक लोक गळतात. ५ चे ३ झाले असतील तर हिरडी दाताला घट्ट बसली. कुठे रक्तासह ५ किंवा जास्त उरलं असेल तर ती जागा पुन्हा साफ करतात. ६ किंवा त्याहून खोल खिसे राहिले तर फ्लॅप शस्त्रक्रियेचा विचार होतो: हिरडी उघडून मूळ डोळ्यांसमोर साफ करतात आणि टाके घालतात, ते ७ ते १० दिवसांनी काढतात. हाडात उभा, अरुंद खड्डा असेल तर त्यात हाडाची भुकटी भरून काही प्रमाणात हाड परत मिळवता येतं. सगळीकडे आडवं झिजलं असेल तर भुकटीचा उपयोग नाही, त्यामुळे 'हाड भरून देतो' असं सरसकट कुणी म्हणत असेल तर एक्स-रेवर खड्डा दाखवायला सांगा.

घरी प्लाक निघत नसेल किंवा सिगारेट चालू असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे डॉक्टर बरोबर असतात. तशा तोंडात टाके जेमतेम भरतात आणि खिसा परत येतो. तारा लावून दात सरळ करणं, ब्रिज, इम्प्लांट हे सगळं हिरड्या शांत झाल्यावरच. पायरियाने दात गेला त्याच तोंडात उपचाराविना इम्प्लांट बसवलं तर त्याच्याभोवतीचं हाडही तसंच जातं.

११. त्यानंतर दर तीन महिन्यांनी

पेरिओडॉन्टायटिस झालेल्या माणसाला पहिली एक-दोन वर्षं दर तीन महिन्यांनी देखभालीची भेट लागते. सगळं स्थिर राहिलं तर हे अंतर सहा महिन्यांपर्यंत वाढवतात. भेटीत खिसे मोजणं, नव्याने साचलेलं किटण काढणं आणि घरच्या ब्रशची पद्धत तपासणं, तिन्ही व्हायला हवीत. नुसतं पॉलिश करून पाठवलं तर मोजमापं मागा. वर्षातून एकदा तरी पूर्ण १६८ आकड्यांचा तक्ता करून घ्या, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि पुढच्या भेटीत तो समोर ठेवा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तरी खालच्या डाव्या दाढेचा मागचा आकडा गेल्या वेळी ४ होता आणि आता ६ झालाय, हे सांगणारा कागद तुमच्याकडे राहतो. घरात कुणाला विशी-पंचविशीतच दात हलण्याचा त्रास झाला असेल, तर सख्ख्या भावंडांचीही एकदा प्रोब लावून तपासणी करून घ्या. त्या वयातला हा आजार अनेकदा एका घरात एकाहून अधिक जणांना होतो.